किलिमांजारो चढायला दोर लागत नाही, मग माणसं अर्ध्यातून परत का येतात?

जालना शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. आणि आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर किलिमांजारो ५८९५ मीटर, म्हणजे साडेतीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर जेवढं होईल तेवढं.

तरीही इन्स्टाग्रामवर किलिमांजारोचे रील पाहिले तर हे प्रकरण फार अवघड वाटत नाही. शिखरावरची पाटी, हातात तिरंगा, पायाखाली ढग आणि कॅप्शनमध्ये एक ठरलेलं वाक्य: ‘टेक्निकल ट्रेक नाही, कोणीही करू शकतं.’

यातला पहिला भाग खरा आहे. किलिमांजारोच्या नेहमीच्या वाटांवर दोर, बर्फातली कुऱ्हाड किंवा गिर्यारोहणाचा कोर्स यातलं काही लागत नाही. पायवाट आहे आणि तिच्यावरून चालायचं आहे. घोळ होतो तो दुसऱ्या भागात. कारण या डोंगरावर माणसाला परत पाठवतो तो कडा नव्हे, उंची. आणि उंचीची तयारी जालन्यातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात कुठेही करता येत नाही.

डोंगर आहे तरी कसा?

किलिमांजारो टांझानियाच्या ईशान्येला, केनियाच्या सीमेजवळ आहे. तो ज्वालामुखी आहे. आपला सह्याद्री आणि भोकरदन-जाफराबादच्या उत्तरेला दिसणारे अजिंठ्याचे डोंगर हेही लाव्ह्याचेच, पण आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांमधून बाहेर आला आणि थरांवर थर पसरत गेला. म्हणून आपले डोंगर माथ्यावर सपाट दिसतात. किलिमांजारो वयाने खूपच लहान आहे आणि तिथे लाव्हा एका जागी साचत गेला. त्यामुळे आजूबाजूच्या सपाट गवताळ प्रदेशातून तो एकटाच वर आलेला दिसतो. शिरा, मावेंझी आणि किबो अशी त्याची तीन तोंडं आहेत. सगळ्यात उंच टोक किबोवर आहे, त्याचं नाव उहुरू. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. जर्मन राजवटीत या टोकाला त्यांच्या सम्राटाचं नाव होतं. डिसेंबर १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा अलेक्झांडर न्यिरेंडा या लष्करी अधिकाऱ्याने इथे झेंडा आणि मशाल नेली.

चालताना हवामान रोज बदलतं. पायथ्याशी चग्गा समाजाच्या केळीच्या आणि कॉफीच्या बागा, मग ओलं घनदाट जंगल, मग झुडपांचं माळरान, मग दगडांचं वाळवंट आणि शेवटी बर्फ. बरांको कॅम्पच्या आसपास माणसापेक्षा उंच वाढणारी सेनेसिओ नावाची विचित्र झाडं दिसतात, ती या उंच आफ्रिकी डोंगरांवरचीच. एका आठवड्यात विषुववृत्ताजवळच्या जंगलातून ध्रुवीय थंडीत पोचता येतं अशा जागा जगात फार नाहीत.

वरचा बर्फ मात्र झपाट्याने जातोय. १९१२ मध्ये जेवढा बर्फ होता त्यातला सुमारे ८५ टक्के २००७ पर्यंत नाहीसा झाल्याचं लॉनी थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. युनेस्कोच्या २०२२ च्या अहवालानुसार उरलेला २०५० पर्यंत संपेल.

मराठी माणसाला तिथे एक गंमत सापडते. शिखराआधीच्या शेवटच्या कॅम्पचं नाव आहे बराफू. स्वाहिलीत बराफू म्हणजे बर्फ. गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, चहाला ‘चाय’, आणि चपाती तर चपातीच. हिंदी महासागरातल्या शेकडो वर्षांच्या व्यापाराने हे शब्द तिकडे नेले.

‘हवेत ऑक्सिजन कमी’ म्हणजे नेमकं काय?

उंचीवर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही. जालन्यात ते सुमारे २१ टक्के आहे आणि उहुरूवरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी म्हणजे हवा विरळ. एका श्वासात जेवढी हवा आत जाते, तिच्यात ऑक्सिजनचे कण कमी असतात. ५८९५ मीटरवर एका श्वासात समुद्रकिनाऱ्यावरच्या तुलनेत जवळपास निम्माच ऑक्सिजन मिळतो.

शरीर यावर उपाय शोधतं. आधी श्वास वाढतो. जास्त श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्ताचा आम्ल-अल्क तोल बिघडतो. तो सावरण्यासाठी मूत्रपिंड लघवीवाटे बायकार्बोनेट बाहेर टाकू लागतं. या कामाला तास नाही, दिवस लागतात. उंचीवर वारंवार लघवीला लागते ती त्यामुळेही, आणि ट्रेकचे गाइड हे चांगलं लक्षण मानतात. शरीराला हे दिवस दिलेच नाहीत तर डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं सुरू होतं. याला अक्यूट माउंटन सिकनेस म्हणतात. बहुतेकांचा त्रास इथेच थांबतो. पण दुर्लक्ष करून वर जात राहिलं तर फुप्फुसात पाणी साठू शकतं किंवा मेंदूला सूज येऊ शकते. या दोन्हींत जीव जाऊ शकतो.

करोनाच्या काळात घराघरांत ऑक्सिमीटर आला आणि आकडा ९४ च्या खाली गेला की धावपळ सुरू व्हायची. साडेचार हजार मीटरवर धडधाकट माणसाचाही आकडा ऐंशीच्या घरात दिसू शकतो. म्हणून तिथे नुसत्या आकड्यावर कोणी निर्णय घेत नाही. माणूस कसा चालतोय, कसा बोलतोय, तोल जातोय का, बसल्या जागी धाप लागतेय का, हे आधी पाहिलं जातं.

यातली सगळ्यात न पटणारी गोष्ट म्हणजे फिटनेसचा यात फारसा उपयोग होत नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही त्रास होऊ शकतो आणि वजन थोडं जास्त असलेली पन्नाशीची बाई निवांत वर पोचू शकते. उलट तगडा माणूस वेगाने चढतो, म्हणून तोच लवकर अडचणीत येतो. डिसेंबर २०१० मध्ये टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवा किलिमांजारो चढायला गेल्या होत्या. एकेरीची १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदं नावावर असलेल्या या खेळाडूच्या फुप्फुसात वाटेतच पाणी साठलं आणि त्यांना खाली आणून नैरोबीच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं.

म्हणूनच त्या डोंगरावर दिवसभर एकच शब्द ऐकू येतो: ‘पोले पोले’. हळू हळू.

खरा सौदा दिवसांचा

उंचीवरच्या वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण सल्ला असा आहे की ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती हवी.

आता किलिमांजारोची सगळ्यात जुनी वाट, मारांगू, पाहा. पहिला मुक्काम मांदारा, साधारण २७०० मीटर. दुसरा होरोंबो, ३७०० च्या पुढे. तिसरा किबो हट, ४७०० च्या आसपास. आणि त्याच रात्री शिखराकडे. म्हणजे रोज हजार मीटर, सल्ल्याच्या दुप्पट. या वाटेवर तंबूऐवजी लाकडी झोपड्या आहेत, वाट सरळ आहे, पाच दिवसांत उरकते आणि पॅकेज स्वस्त पडतं. नवख्याला तीच सोपी वाटते.

मचामे किंवा लेमोशो या वाटांवर चढ-उतार जास्त आहेत, तंबूत राहावं लागतं, पण सात-आठ दिवस मिळतात. शिवाय तिथे एक महत्त्वाचा दिवस असतो. दुपारपर्यंत ४६०० मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढायचं आणि झोपायला पुन्हा ३९०० च्या बरांकोला उतरायचं. वर जाऊन शरीराला चव द्यायची आणि खाली येऊन झोपायचं. नवख्या माणसाला त्या दिवशी वाटतं, कमावलेली उंची घालवली कशाला! पण शरीर जुळवून घेतं ते अशाच दिवसांत.

मग सगळे आठ दिवसांचाच ट्रेक का घेत नाहीत? कारण पैसा. परदेशी प्रौढ पर्यटकाला राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क गेली काही वर्षं दिवसाला ७० डॉलर आहे. तंबूच्या मुक्कामाचे रात्रीला ५० डॉलर वेगळे आणि त्यावर १८ टक्के कर. सात दिवसांचा हिशोब केला तर माणशी जवळपास हजार डॉलर नुसते उद्यानालाच जातात. त्यात जेवण नाही, गाइड नाही, विमान नाही. प्रत्येक वाढीव दिवस म्हणजे दीडशे डॉलरच्या आसपास निव्वळ शुल्क. साहजिकच जाहिरातीत स्वस्त दिसायचं असेल तर कंपनी पहिली कात्री दिवसांना लावते.

दुसरी कात्री लागते पोर्टरना. परवानाधारक गाइडशिवाय हा डोंगर चढता येत नाही आणि एका पर्यटकामागे तीन-चार पोर्टर असतात. तंबू, गॅस, भांडी, शिधा सगळं त्यांच्या डोक्यावर आणि पाठीवर. त्यांच्यासाठी २० किलोची मर्यादा आहे आणि वजनं होतातही, पण मजुरी, जेवण आणि गरम कपडे यांत चालूपणा होतो अशी जुनी तक्रार आहे. ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था पोर्टरना नीट वागवणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. बुकिंगआधी ती पाहायला दोन मिनिटं लागतात. फार स्वस्त पॅकेज दिसलं तर ते स्वस्त कुणाच्या जिवावर झालंय, हा प्रश्न विचारायलाच हवा.

विम्याचंही असंच. परदेश प्रवासाच्या अनेक साध्या पॉलिसींमध्ये ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक बसत नाही. सहा हजार मीटरपर्यंतचा ट्रेक आणि तिथून सुटका असं पॉलिसीत लिहिलेलं आहे का, ते वाचावं. भारतातून जाताना नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे तिकीट असेल तर यलो फीवरच्या लशीचे नियम आधीच तपासावेत. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही.

शिखराची रात्र

बराफू कॅम्प ४६७३ मीटरवर आहे. मध्यरात्रीच्या सुमारास उठवतात. बिस्किट, चहा, डोक्याला टॉर्च. तिथून शिखर १२०० मीटर वर. बारी गावातून कळसूबाईचा चढ साधारण ९०० मीटरचा आहे, म्हणजे त्याहून मोठा चढ, तोही उणे दहा-पंधरा अंशांत, निम्म्या ऑक्सिजनवर आणि झोप न झालेल्या शरीराने. पाणी नळीतच गोठतं. मोबाइलची बॅटरी थंडीने उतरते. अनेकांची रील त्यामुळेच हुकते. (खाली होरोंबोपर्यंत मात्र टांझानिया सरकारने २०२२ मध्ये वेगवान इंटरनेट पोचवलं आहे.) पहाटे ५७५६ मीटरच्या स्टेला पॉइंटला पोचलं की ज्वालामुखीची कड लागते. तिथून उहुरू तासाभरावर. वरती थांबायचं दहा-पंधरा मिनिटं आणि त्याच दिवशी ३१०० मीटरच्या म्वेका कॅम्पपर्यंत उतरायचं. हा २८०० मीटरचा उतार रीलमध्ये कधी दिसत नाही. गुडघे मात्र तो विसरत नाहीत.

जालन्यात राहून तयारी किती होते?

उंचीची होत नाही, पायांची होते. ऑनलाइन मिळणारे ‘एलिव्हेशन मास्क’ लावून मोती तलावाभोवती फेऱ्या मारल्या तर श्वास अडेल, पण उंचीची सवय लागणार नाही. कारण मास्क हवा अडवतो, दाब कमी करत नाही.

पायांसाठी मात्र जिल्ह्यात बरंच आहे. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला रात्रभर पायी जाणारे हजारो लोक आहेत. सुमारे २५ किलोमीटर, चप्पल घालून, गप्पा मारत. एका लयीत तासन् तास चालणं म्हणजे काय, हे त्यांना ट्रेकिंगच्या यूट्यूब चॅनलने शिकवायची गरज नाही. अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायऱ्या आहेत. पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन त्या पुन्हा पुन्हा चढायच्या आणि त्याहून महत्त्वाचं, सावकाश उतरायच्या. मांड्यांचे स्नायू उतरतानाच तयार होतात. महिन्यातून एक-दोनदा शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले अंतूर, वेताळवाडी हे किल्ले, गौताळ्याचं जंगल, आणि जमेल तेव्हा कळसूबाई. शनिवारी लांब चाल झाली की रविवारी पुन्हा चालायचं, कारण किलिमांजारोवर थकलेल्या पायांनीच सलग आठवडा काढायचा आहे. चार ते सहा महिने पुरतात. मार्चनंतर जालन्याच्या उन्हात हे सगळं पहाटेच उरकावं लागतं.

आणि एकदा तरी हिमालयात साडेतीन-चार हजार मीटरपर्यंतचा ट्रेक करून यावा. केदारकांठा ३८०० मीटरचा आहे. किलिमांजारोच्या खर्चाच्या मानाने तो किरकोळ पडतो आणि आपलं शरीर उंचीवर कसं वागतं हे त्यातून आधी कळतं. डायमॉक्स नावाची गोळी बरेच जण घेतात. ती मूत्रपिंडाच्या त्याच कामाला वेग देते. पण तिने बोटांना मुंग्या येतात, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही, आणि ती घेतली म्हणून पाच दिवसांचा ट्रेक सुरक्षित होत नाही.

परत फिरलेल्यांची गोष्ट

मराठवाड्यात उंच शिखरांची फार मोठी परंपरा नाही, पण जी आहे ती परत फिरण्याचीही आहे. औरंगाबादचे पोलीस कर्मचारी रफीक शेख २०१४ मध्ये एव्हरेस्टला गेले तेव्हा हिमस्खलनाने मोहीम थांबली. २०१५ मध्ये पुन्हा गेले तर नेपाळचा भूकंप झाला. २०१६ मध्ये तिसऱ्यांदा गेले आणि माथ्यावर पोचले. औरंगाबादच्याच मनीषा वाघमारे २०१७ मध्ये शिखर अगदी जवळ आलेलं असताना खराब हवामानामुळे परतल्या आणि २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट चढून आल्या.

खुद्द किलिमांजारोची पहिली नोंदलेली चढाईही तिसऱ्या प्रयत्नातली आहे. जर्मनीचे हान्स मेयर १८८७ मध्ये वरच्या बर्फापाशी थांबून परत आले, १८८८ मध्ये किनाऱ्यावरच्या उठावात पकडले गेले आणि ६ ऑक्टोबर १८८९ ला ऑस्ट्रियाचे लुडविग पुर्टशेलर यांच्यासोबत माथ्यावर पोचले. तिसऱ्या खेपेला त्यांनी वाटेत ठिकठिकाणी शिध्याचे तळ ठेवले होते, म्हणजे एकदा जमलं नाही तरी खाली न येता पुन्हा प्रयत्न करता यावा. थोडक्यात, त्यांनी दिवस विकत घेतले होते.

मग मिळतं काय?

इतका खर्च, थंडी आणि डोकेदुखी कशासाठी, हा प्रश्न घरचे विचारतातच. त्याचं उत्तर शिखरात थोडं आणि तयारीत जास्त आहे. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा महिने टेकड्या चढणारा माणूस ते मोजमाप न ठेवता पार करतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये केलेल्या एका छोट्या प्रयोगात, दीड तास झाडांमध्ये चाललेल्या लोकांच्या डोक्यातलं तेच तेच नकारात्मक विचारांचं चक्र कमी झालेलं दिसलं. गजबजलेल्या रस्त्याकडेने चाललेल्यांत तसं दिसलं नाही. प्रयोगात माणसं चाळीसहून कमी होती, त्यामुळे त्यावर फार मोठे दावे करू नयेत. पण राजूरला पायी जाऊन आलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

आणि हे किलिमांजारोपुरतं नाही. जालन्यातून टांझानियाला जाणारे मोजकेच असतील, पण केदारनाथला जाऊन आलेलं माणूस प्रत्येक गल्लीत सापडतं. केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे. गौरीकुंडाहून एका दिवसात चालत गेलं तर सुमारे १६०० मीटरची उंची गाठली जाते. हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत. सोबत साठी-सत्तरीचे आई-वडील असतात, रक्तदाबाच्या गोळ्या असतात आणि ‘थकवा आलाय, वर जाऊन आराम करू’ हे वाक्य असतं.

तिथे लक्षात ठेवायची माहिती तीच आहे. डोकं दुखत असेल आणि मळमळत असेल तर त्रास थांबेपर्यंत आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, चालताना झोकांडी जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन आणि वैद्यकीय मदत मिळेल तिथे घ्यायची, आणि रात्र असली तरी त्याला सोबत देऊन लगेच खाली उतरवायचं.